दुपारी बागेला कुलूप कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सहलींवर चार पानं आली होती. लोणावळ्याचे रिसॉर्ट, तापोळ्याचे तंबू, कोकणातले होम-स्टे आणि खाली एका रात्रीचे दर. फोटो फार सुरेख होते, आमच्या पोरांनी कापून भिंतीला लावलेत. पण मी पर्वती पायथ्याला राहते, ब्लाउज शिवते, आणि एप्रिल-मे म्हणजे माझी लग्नसराई. या दोन महिन्यांत जे मिळतं त्यात जूनची फी, वह्या आणि दप्तरं निघतात. दोन दिवस मशीन बंद ठेवून कुठं जायचं म्हटलं तर गिऱ्हाईक दारात येऊन बसेल, आणि मुहूर्त काही माझ्या ब्लाउजासाठी थांबत नाही. त्यात लातूरहून बहिणीची दोन मुलं येतात. माझी दोन धरून घरात चार पोरं, आणि सुटीत रोज ‘आज कुठं?’ हा प्रश्न. त्याचं उत्तर आम्ही गावातच शोधतो, बसनं नाहीतर पायी. आणि भरपूर सापडतं. तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून लिहायला बसले. लिहिता लिहिता मात्र एका कुलपापाशी अडले, म्हणून पत्र लांबलंय. काटछाट केलीत तर वरचं कापा, कुलपाचं ठेवा.

आधी सकाळचं सांगते. साडेपाचला उठून पर्वती. पायऱ्या १०३, रुंद आणि बसक्या. लातूरकर पहिल्या दिवशी निम्म्यावरच ‘मावशी, पाणी’ म्हणतात आणि आठवड्यात आमच्या पोरांच्या पुढं पळतात. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ. तटापाशी उभं राहिलं की खाली सगळं पुणं आणि लांब सिंहगडावरचा टॉवर. मुलं आपलं घर शोधतात. पत्र्यावर निळी ताडपत्री घातलेलं ते आपलं, अशी खूण आहे, पण निळ्या ताडपत्र्या इतक्या झाल्यात की रोज नवं घर आपलं होतं.

वेळ असला तर मागच्या अंगानं तळजाईच्या जंगलाकडं. पाचगाव-पर्वतीचं हे वनखात्याचं रान शहराच्या इतकं मधोमध आहे याचं मला अजून अप्रूप वाटतं. मोर ओरडतो तेव्हा धाकटी भाची अजून माझा पदर धरते. एप्रिलच्या मध्याला बहावा फुलतो, मग ताम्हण. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, टेकडीवर रोज येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांनीच गिरिपुष्पाची झाडं दाखवली. बाहेरून आणून टेकड्यांवर भराभर लावलेली ही झाडं आपल्या मातीतल्या झाडांना वर येऊ देत नाहीत, असा त्यांचा राग. मुलांना तो राग आवडला. आता गिरिपुष्प दिसलं की चौघं त्याला वाकुल्या दाखवतात. टेकडीवर वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्यांचं मात्र मला कोडंच आहे. सकाळी सहा वाजता वेफर्स खावेसे वाटतातच कसे?

साडेसातला मी मशीनवर असते. त्यामुळे लांबची सहल म्हणजे गुरुवारी. पुणेकरांना गुरुवारचं माहात्म्य सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी बंद, कधी त्याच दिवशी वीजही बंद. मशीनची मोटार चालत नाही, पायानं किती रेटणार? मग पहाटे स्वारगेट गाठायचं आणि सिंहगडाची ५० नंबर धरायची. आतकरवाडीहून पायी चढायचं, ऊन चढायच्या आत वर पोचायचं. रविवारी गडावर जाणाऱ्यांना माझी एकच विनंती, एखाद्या गुरुवारी या. घाटात गाड्यांची रांग नाही, हॉर्न नाहीत, आणि झुणका-भाकरवाल्या मावश्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मे २०२२ मध्ये गडावर खासगी गाड्या बंद करून विजेवरच्या बस सुरू झाल्या होत्या, त्या थोड्याच दिवसांत गुंडाळल्या गेल्या. घाटात बस चालवणं सोपं नसेल, मान्य. पण एकदा जमलं नाही म्हणून कायमचं सोडून द्यायचं, हे काही पटत नाही. उलटवलेलं अस्तर चुकलं तर आम्ही उसवून पुन्हा घालतो, कापड टाकून देत नाही.

गडावर देवटाक्याचं पाणी प्यायचं. मेमध्येही ते दाताला लागेल इतकं गार. आणि मडक्यातलं दही. दही संपल्यावर मडकं तिथं फेकायचं नाही, घरी आणायचं. माझ्याकडं अशा मडक्यांची रांग आहे. एकात हुक, एकात टिचबटणं, एकात सुया, एकात नव्यानं उसवलेल्या ब्लाउजांचे जुने हुक. गिऱ्हाइकं विचारतात, हा सेट कुठं मिळाला? उतरताना वाटेवर करवंदं विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पानाचा द्रोण, वर मूठभर जास्तीची. खाऊन झालं की द्रोण गाईला. करवंदाचं कोंबडा-कोंबडी मात्र अजून आहे, आत लाल निघालं की कोंबडा. हे लातूरच्या मुलांना माहीत नव्हतं, आता तिकडं जाऊन शिकवतील.

खाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात पुण्यात विकत थोडं आणि घरी जास्त, असा माझा हिशेब. पन्ह्याची कैरी मी वेगळी उकडत नाही, सकाळच्या वरणभाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात ठेवते. गॅस वाचतो. साल काढून गर कुस्करायचा, गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा, मीठ चिमूटभर जास्तच. केशर चैत्रातल्या हळदीकुंकवाला, एरवी नाही. हा गोळा बरणीत राहतो, पाणी घालायला पोरं समर्थ आहेत. आणि बाहेर जाताना प्लॅस्टिकची बाटली विकत घ्यायची नाही म्हणून माझी एक युक्ती सांगते. ब्लाउजाच्या अस्तराचं उरलेलं सुती कापड, आमच्याकडं टू बाय टू म्हणतात ते, दोन पदरी करून स्टीलच्या बाटलीला पिशवीसारखं शिवायचं. निघताना ते ओलं करायचं. वाऱ्यानं कापडातलं पाणी उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. वाळलं की पुन्हा ओलं करायचं. पॉलिस्टरचं कापड चालत नाही, त्यात पाणी धरत नाही. सुती आहे की नाही ते ओळखायचं असेल तर एक धागा जाळून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, गोळा झाला तर ठेवून द्या.

उसाचा रस आमच्या कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात. काचेच्या ग्लासात, आलं-लिंबू घालून, बिनबर्फाचा. तिथं घुंगरू अजून वाजतात, चरक विजेवर गेला तरी घुंगरू काढले नाहीत, याबद्दल मालकाला माझे मनापासून आभार. चिपाडं संध्याकाळी गोठेवाला घेऊन जातो. पार्सल मागणाऱ्याला मालक घरून किटली आणायला सांगतो आणि लोक चिडतात. मला तो माणूस फार आवडतो. मस्तानी वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी, दुकानात बसून. ती उंच ग्लासातच खावी. हो, खावी. वरचा आइस्क्रीमचा गोळा चमच्यानं संपल्याशिवाय खालच्या दुधाला हात लावायचा नाही, असा आमच्या थोरलीचा नियम आहे आणि ती तो सगळ्यांकडून पाळून घेते.

मंडईला आता मेट्रोनं जातो. स्वारगेटहून एकच स्टेशन, चालत गेलं तरी फार लांब नाही, पण स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला तेव्हापासून पोरांना चालणं मंजूर नाही. त्यातून पुढं जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन यायचं. ते स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. सरकत्या जिन्यांवर जिने, आणि वरून उजेड थेट खालपर्यंत उतरतो. आमचं महाबळेश्वर म्हणजे तेच. मंडईची इमारत १८८६ सालची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे, पुढं महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तिथं मेमध्ये पायरी घ्यायची रसाला आणि हापूस नुसता बघायचा. बघायला पैसे पडत नाहीत आणि वासही फुकट.

इथपर्यंत सगळं गोड आहे. सकाळ आमची, संध्याकाळ आमची. संध्याकाळी सारसबाग आहे, पेशवे पार्कातली फुलराणी आहे. १९५६ सालची ही गाडी, तीत माझी आई बसली, मी बसले, आता ही चौघं. प्रश्न आहे तो अकरा ते चारचा.

आमच्या खोलीवर पत्रा आहे. खाली माळा घातलाय, पत्र्यावर पाणी मारते, ताडपत्री आहे, खिडकीला ओलं पातळ बांधते. तरी दुपारी एकच्या पुढं पंखा फक्त गरम हवा फिरवतो. २०१९ च्या एप्रिलात पुण्याचा पारा ४३ अंशांवर गेला होता, तेव्हा मशीनवरचं कापड इस्त्री न लावताच गरम लागायचं. अशा वेळी चार पोरांना त्या खोलीत कोंडून मी तिथंच शिवत बसते, कारण मला दुसरी जागा नाही. पण त्यांना तरी असावी की नाही?

आणि जागा आहे. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर महापालिकेची बाग आहे. तीत दोन जुने रेन ट्री आहेत, इतके पसरलेले की एकमेकांत गुंतलेत. कडुनिंब आहेत, एक करंज आहे, नवा कोवळा पाला आलेला. करंजाखाली हवा काय वेगळी लागते ते बसलेल्यालाच कळतं. बाकं आहेत. नळ आहे, त्याचं पुढं सांगते. आणि सकाळी अकराला या बागेला साखळी घालून कुलूप लागतं, ते चारला निघतं. ज्या पाच तासांत माणसाला सावली लागते, नेमक्या त्याच पाच तासांत सावली बंद. थंडीत हा नियम मला समजेल. मेमध्ये कसा समजायचा?

एक दिवस भर दुपारी फॉल-पिको द्यायला जाताना मी मुद्दाम तिथं थांबून पाहिलं. बागेच्या भिंतीला बाहेरून जेमतेम दोन फुटांची सावली पडते. त्या पट्ट्यात फुटपाथवर ओळीनं माणसं बसली होती. घरपोच जेवण पोचवणारी तीन मुलं, पाठीवरच्या पेट्या काढून, शर्टाच्या गुंड्या सोडून. दोन धुणंभांड्याच्या बाया. सकाळची घरं उरकलेली, संध्याकाळची चारला, आणि मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर बसचं भाडं जातं. जून २०२५ मध्ये पीएमपीचं कमीत कमी तिकीट ५ वरून १० रुपये झालं, तेव्हापासून त्या मधल्या वेळात घरी जात नाहीत. एक भंगार गोळा करणारे काका, हातगाडीखालीच झोपलेले. एक म्हातारे गृहस्थ, स्वच्छ पायजमा-सदरा, हातात आपलाच पेपर. ते कुणाचे कोण, घरात दुपारी का बसत नाहीत, ते मी विचारलं नाही. आणि भिंतीच्या पलीकडं, रेन ट्रीखालच्या बाकावर, उशाला टोपी घेऊन सुरक्षारक्षक झोपला होता. त्याचा मला राग नाही. त्याच्या घरावरही पत्राच असेल. पण त्या बाकाशेजारी अकरा बाकं रिकामी होती.

चौकशी केली तर कारणं तीन मिळाली. पहिलं, झाडांना पाणी घालायचं असतं. भर उन्हात झाडांना पाणी घालत नाहीत हे माझ्या कुंडीतल्या तुळशीलाही ठाऊक आहे. दुसरं, दारुडे येतात. ते रात्रीही भिंत चढून येतात, आणि दुपारी चार बायका आणि दहा पोरं बसलेली असली तर उलट यायला लाजतील. तिसरं कारण आवाज खाली करून सांगितलं गेलं, जोडपी बसतात. बसू देत की! झाडाखाली बसून बोलणाऱ्या दोघांना शहरात जागाच ठेवायची नाही आणि पुन्हा म्हणायचं, कशी पळून जाऊन लग्नं करतात. ज्यांची लग्नं ठरवून होतात त्यांचे ब्लाउज मी शिवते, तेही आधी कुठंतरी भेटून बोललेले असतातच. फरक इतकाच की त्यांना हॉटेलात कॉफी परवडते.

बागा दुपारी उघड्या ठेवल्या तर काय बिघडतं ते बघायचं असेल तर एम्प्रेस गार्डनमध्ये जा. ती बाग महापालिकेची नाही, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था ती चालवते. तिकीट आहे, पण बाग दुपारी उघडी असते. स्वारगेटहून हडपसरकडं जाणारी बस धरून रेसकोर्सला उतरायचं. सुटीत एखादा गुरुवार आमचा तिथं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू. तिथले वृक्ष इतके उंच आणि जुने की मान मागं टाकली तर टोपी पडते. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीइतका जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला. भर दुपारी तिथं आजीबाई आडव्या होतात, शाळकरी पोरं वह्या काढून बसतात, नातवंडं सुकी पानं उडवतात. झाडं आहेत तिथंच आहेत, काही झालेलं नाही. पण चार पोरांचं तिकीट आणि बसभाडं रोज काढणं मला जमणारं नाही. भिंतीबाहेर बसलेल्या त्या बायांना तर मुळीच नाही.

दुपारी थंडाव्यासाठी पोरं मॉलमध्ये जातात हे आपल्या वाचकांना दिसत असेलच. आमचीही गेली होती. काही विकत घेत नाहीत म्हटल्यावर तिथल्या माणसानं दोन चकरांनंतर हटकलं. त्याचंही बरोबर, दुकान आहे ते. पण चौघं घरी आली ती तोंड पाडून, आणि वाटेत पाच रुपयांचे चार पेप्सीकोले घेऊन, त्याच्या पिशव्या गटारात. सावली फुकट मिळाली असती तर ना तो पेप्सीकोला, ना ती पिशवी.

माझं मागणं फार मोठं नाही. एप्रिल आणि मे, निदान शाळा उघडेपर्यंत, महापालिकेनं आपल्या बागा दुपारी उघड्या ठेवाव्यात. सगळ्या नको. जिथं मोठी झाडं आहेत आणि भोवती पत्र्याची घरं आहेत, तिथं आधी. कारंजी, रोषणाई, काही नको. सध्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये एक माणूस वाढवावा लागेल, तेवढा खर्च आहे. तो वाचवायचा असेल तर वस्तीतल्या बचत गटाला विचारावं. आमच्या गटातल्या बाया दुपारी गोधड्या शिवत बसतात, त्या करंजाखाली बसून शिवतील, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी फुलाला हात लावून दाखवावा! आणि पिण्याचं पाणी. या शहरात नानासाहेबांच्या काळात कात्रजहून दगडी नळ बांधून पेठापेठांच्या हौदांत पाणी आणलं होतं. आमच्या बागेतला नळ मात्र गेल्या उन्हाळ्यापासून कोरडा आहे. तोटी मोडली आहे, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आहे. नळ होईल तोवर एक माठ ठेवायला जागा द्यावी. माठ आमचा, रोज भरायचं काम आमचं.

हे मी बागेच्या रक्षकाला बोलले, त्यानं वरच्या साहेबाला बोला म्हणून सांगितलं. साहेब बैठकीत होते. दुसऱ्यांदा गेले तर दौऱ्यावर. अर्ज लिहून ठेवून आले, त्यावर शिक्का मारून घेतला, पोच माझ्या टिचबटणांच्या मडक्यात आहे. लग्नसराईत तिसऱ्यांदा जायला मला सवड नाही, म्हणून आपल्याला लिहिते. साहेबांच्या टेबलावर आपला पेपर सकाळी येतोच.

कुलपाची चावी दुपारी कुणाकडं ठेवायची ते त्यांनी ठरवावं. तोटी बदलायला आमच्या गल्लीतला प्लंबर फुकट यायला तयार आहे. फक्त दुपारचं यायला सांगितलंय त्याला, आणि तेव्हा बाग बंद असते.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
पर्वती पायथा, पुणे